आधी रस्ता, मग कारण

संग्रामचा फोन वाजला तेव्हा माझे दोन्ही हात पिठात होते आणि तो आंघोळीला गेला होता. शनिवारची सकाळ, तव्यावर एक भाकरी, परातीत दुसरी. मी कोपराने फोन स्पीकरवर टाकला. पलीकडून एक उत्साही बाई आधी माओरीत नमस्कार करून इंग्रजीत सुरू झाली. किया ओरा, हॅमिल्टनच्या तुमच्या नव्या घराबद्दल बोलतेय, मिस्टरांनी मार्चमध्ये घर बुक करताना खालच्या बाथरूमसाठी ज्या करड्या फरश्या पसंत केल्या होत्या त्या संपल्या आहेत, जवळपास तशाच दुसऱ्या आल्या आहेत, त्या चालतील का? मी विचारलं, मार्चमध्ये? ती म्हणाली, हो ना, अगदी सुरुवातीला ज्यांनी बुक केलं त्यांच्यातले ते. मग चालतील, असं मी म्हटलं. ‘स्वीट ॲज,’ म्हणजे मस्तच, असं म्हणून तिने फोन ठेवला. ज्या घराचा उंबरा मी पाहिला नव्हता त्या घराच्या फरश्या मी पास करून टाकल्या, आणि तव्यावरची भाकरी करपली. ती काढून मी बाजूला ठेवली आणि दुसरी टाकली, कारण आपल्याकडे बायकांना धक्का बसला तरी गॅस चालूच असतो.

मार्च. मी इथे ऑकलंडला शाळेत इतिहास शिकवते, त्यामुळे एखादी तारीख चुकीच्या जागी दिसली की माझ्या अंगावर काटा येतो. आमच्या घरातल्या भांडणाची जी अधिकृत तारीख आहे ती एप्रिलची. टर्म संपायच्या आठवड्यात मी शाळेतून आले, तर सासूबाई जिन्यात बसून रडत होत्या. आमचं घर टाकानिनीतल्या नव्या वसाहतीत, तिथली घरं उभी आणि अरुंद. खाली स्वयंपाकघर आणि बसायची जागा, निजायच्या खोल्या वर. माझ्या हातात दोन जड पिशव्या, डोकं ठणकत होतं. मी म्हणाले, ‘आई, रडायचं तर खोलीत जाऊन रडा, वाट कशाला अडवताय?’ हे मी बोलले. आवाज चढवून बोलले. पण ते वाक्य होतं, युद्ध नव्हतं. युद्ध ते नंतर केलं गेलं. संग्रामने जाहीर केलं, की आईचे गुडघे गेलेत, तिला जिने चढवत नाहीत, त्यात घरात तिला असं घालूनपाडून बोललं जातं, तेव्हा आता खाली बेडरूम असलेलं घर हवंच; आणि बघ कसं जमून आलंय, त्याच्या दूध-भुकटीच्या कंपनीत हॅमिल्टनला वरची जागा निघाली आहे. माझी नोकरी? ‘तिकडे काय शाळा नाहीत?’ मी म्हटलं, तासाभराचा तर रस्ता, ढीगभर लोक रोज जातात-येतात, तूही जा-ये कर. तर म्हणाला, तुला आईचं काहीच पडलेलं नाही. तेव्हापासून घरात चमच्यांचा तेवढा आवाज. सासऱ्यांनी शेवटी साताऱ्याला त्यांच्या भावाला फोन लावला आणि बैठक बोलवायचं ठरलं, जशी आमच्याकडे वाटणीच्या वेळी बोलवतात, मोडू घातलेल्या सोयरिकीच्या वेळी बोलवतात. फरक इतकाच, की सतरंजीच्या जागी लॅपटॉप.

टॉवेलने डोकं पुसत तो खाली आला. ‘कुणाचा फोन होता?’

‘फरशीवाल्यांचा. करड्या संपल्या.’

टॉवेल डोक्यावरच थांबला. मग तो म्हणाला, ‘मी सांगणारच होतो तुला.’

‘कधी?’

‘हे बघ मधुवंती, उद्या काका येतायत कॉलवर. तुझा विवेकसुद्धा. तू ना, फक्त एवढं म्हण, माझं चुकलं. बस. पुढचं मी हँडल करतो. कुणी तुला एक शब्द बोलणार नाही, प्रॉमिस.’ आणि त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला, अगदी मायेने. मला त्या मायेची भीती वाटली. रागावला असता तर बरं झालं असतं.

दुपारी मी चालायला बाहेर पडले. ग्रेट साउथ रोड आमच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. टायरची दुकानं, टेकअवे, पेट्रोल पंप, डेअरी म्हणतात त्या कोपऱ्यावरच्या दुकानाच्या दाराशी रबरी चपला घालून थंडीत आइस्क्रीम खाणारी पोरं. या रस्त्याचं काय कौतुक करायचं, असंच कुणीही म्हणेल. मी दरवर्षी वर्गाला सांगते, की हा रस्ता इंग्रज सरकारने एकशेसाठ वर्षांपूर्वी दक्षिणेकडे सैन्य न्यायला वाढवला. वायकाटोतल्या, म्हणजे आताच्या हॅमिल्टनकडच्या, मूळच्या माओरींनी आपला राजा निवडला होता, जमीन विकायची नाही असं ठरवलं होतं, आणि ऑकलंडला जमीन हवी होती. गव्हर्नरच्या हुकमाने सैनिकांनीच झाडं तोडली, खडी टाकली, तोफा जातील एवढा रस्ता केला. हे सगळं युद्धाच्या आधी. मग बातमी उठली, की वायकाटोचे लोक ऑकलंडवर चालून येणार आहेत, बायका-मुलांची कत्तल करणार आहेत. निष्ठेची शपथ घ्या नाहीतर चालते व्हा, असा जाहीरनामा निघाला, आणि तो वायकाटोला पोचायच्या आत सैन्य हद्दीवरचा मांगाताफिरीचा ओढा ओलांडून पलीकडे गेलं होतं. आधी रस्ता, मग कारण, आणि कारण सांगणारा कागद सगळ्यांत शेवटी. जिंकल्यावर ज्यांना बंडखोर ठरवलं त्यांच्या जमिनी काढून घेतल्या. जे लढलेच नव्हते त्यांच्याही घेतल्या. संग्रामची खालची बेडरूम ज्या गावात बांधली जाते आहे त्या गावाला एका नौदलाच्या कप्तानाचं नाव आहे, आणि तो कप्तान त्या गावात कधी पाऊल टाकायच्या आधीच दुसऱ्या लढाईत मेला. असल्या गोष्टी मला तोंडपाठ आहेत. माझ्या नवऱ्याने मार्चमध्ये काय केलं ते तेवढं मला माहीत नव्हतं.

आणि मग इतिहासकार आले. त्याच हॅमिल्टनच्या विद्यापीठात, पुण्याहून नवीन आलेली मी, बोटं गारठलेली, लायब्ररीत बसून त्यांची भांडणं वाचायची. पहिली फळी म्हणाली, माओरींनी आगळीक केली, सरकारने बंदोबस्त केला. युद्धाला नावही त्यांचंच दिलं, म्हणजे नावातच आरोपी. दुसरी म्हणाली, छे, हा दोन संस्कृतींमधला गैरसमज, दोघांच्याही मनात भीती, कुणाला एकाला बोल लावता येणार नाही. मला तेव्हा हेच सगळ्यांत शहाणपणाचं वाटायचं. वय होतं, दोन्ही बाजू समजून घेण्याची हौस होती. तिसरी फळी पत्रव्यवहार, खर्चाची मंजुरी, सैन्याच्या हालचाली एकापुढे एक मांडून म्हणाली, गैरसमज वगैरे काही नाही, हल्ल्याची हूल होती, ठरवून केलं. त्यांच्यावरही लोक तुटून पडले, की तुम्ही आजच्या चष्म्यातून बघता. हा वाद इथेच आहे असं नाही. पहिल्या महायुद्धाचं तेच. युद्ध सुरू होतंय न होतंय तोच प्रत्येक सरकारने आपापली कागदपत्रं पुस्तकं करून छापली, एकाचं पांढरं, एकाचं पिवळं, एकाचं नारिंगी, आणि प्रत्येकाने नको ते कागद गाळले. शेवटी हरलेल्या जर्मनीकडून तहात कबुली लिहून घेतली, की जबाबदार आम्ही. मग दहा-वीस वर्षांत सूर पालटला, की सगळेच घसरत गेले हो, कुणालाच नको होतं. मग पुन्हा जर्मनीतलाच एक प्राध्यापक कागद घेऊन उभा राहिला, की नाही, आपल्याच लोकांनी हवं म्हणून केलं, तर त्याच्याच जातभाईंनी त्याला झोडपलं. शंभर वर्षं झाली, भांडण चालूच आहे. पोरं मला विचारतात, मिस, एकदाचं ठरत का नाही? मी म्हणायची, इट्स कॉम्प्लिकेटेड. रस्त्याच्या कडेला उभं राहून मला त्या शब्दाची शिसारी आली. गुंतागुंत खरीच असते, पण तिचा फायदा नेहमी त्यालाच कसा होतो, ज्याच्या हातात फावडं असतं?

सासरे, बाळासाहेब, स्वतः कोरेगावच्या शाळेत इतिहासाचे मास्तर होते. आमचं जे काही गूळपीठ आहे ते या एका विषयावर. ते पहिल्यांदा इथे आले तेव्हा मी त्यांना रांगिरिरीला त्याच युद्धाची रणभूमी दाखवायला नेलं. वाऱ्यात मफलर धरून त्यांनी मातीचे उंचवटे पाहिले, मी सांगितलेलं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘म्हणजे हे बघ, दूरगामी कारणं तीन आणि तात्कालिक कारण एक. पेपरला असंच लिहायचं.’ मी हसले. मीही असंच लिहून पहिली आलेली. आपण सगळेच असे वाढलो, कारणं द्या, पाच गुण. साम्राज्यवाद, गुप्त करार, शस्त्रस्पर्धा, आणि शेवटी युवराजाला गोळी. कारणांची यादी झाली की माणसं दिसेनाशी होतात, हे बाबांच्या कधी लक्षात आलं नाही. साम्राज्यवाद सही करत नाही. गुडघेदुखी हॅमिल्टनला जाऊन फरश्या निवडत नाही. परतताना गाडीत बाबा म्हणाले होते, ‘पण माफी मागितली ना सरकारने?’ मागितली. राणीने या देशात येऊन माफीच्या कायद्यावर स्वतः सही केली, एकशे बत्तीस वर्षांनी. बाबा समाधानाने म्हणाले, ‘मग मिटलं.’ आमच्या घराण्यात मिटण्याला फार मान आहे. काय मिटलं, कुणाचं मिटलं, हे विचारणारा माणूस भांडकुदळ.

मला सासूबाईंचा राग येत होता, तोही खरा सांगते. मालतीबाई स्वतःहून काही बोलत नाहीत. वर्षातले सहा महिने इथे असतात, सकाळी गुरुद्वाराच्या बाजूच्या बाकावर दोन पंजाबी म्हाताऱ्यांबरोबर बसतात, कुणाला कुणाची भाषा येत नाही, तिघी हसत असतात. जिन्यातल्या त्या दिवसानंतर त्या माझ्याशी जेवणापुरतं बोलायच्या आणि मी त्यांच्याशी त्याहून कमी. घरात सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं होतं, की त्यांचे गुडघे दुखत होते आणि सुनेने त्यांना झिडकारलं. त्यांनी ते ना खरं म्हटलं, ना खोटं. मी चालत चालत पापाकुराच्या सिग्नलपर्यंत गेले आणि तिथे थांबले. त्या का रडत होत्या, हे कुणी त्यांना विचारलंच नव्हतं. मीही नाही. जी बाई दरवर्षी पोरांना बजावते, की साक्षीदार जिवंत असेल तर आधी त्याला गाठा.

रविवारी दुपारी, म्हणजे साताऱ्यातल्या सकाळी, डायनिंग टेबलावर लॅपटॉप ठेवला. संग्रामने कप मांडले होते, पाहुणे पडद्यातून बाहेर येऊन चहा घेणार असल्यासारखे. बाबा इस्त्रीचा शर्ट आणि जाकीट घालून मध्ये बसले. सासूबाई कडेच्या खुर्चीवर, पदर दोन्ही खांद्यांवर घेऊन. पडद्यावर एका चौकटीत मधुकरकाका, बाबांचे धाकटे भाऊ, निवृत्त तलाठी, मागे भिंतीवर कॅलेंडर. दुसऱ्या चौकटीत माझा भाऊ विवेक, पुण्याहून, केस ओले. विवेकने आदल्या रात्री मेसेज केला होता, ताई, नमतं घे ना यार, ओव्हर अँड डन. माझ्या बाजूने बोलावलेला माणूस हा.

काकांनी घसा साफ केला. ‘सूनबाई, आम्ही कुणाला दोष द्यायला बसलेलो नाही. संसार म्हटलं की भांड्याला भांडं लागायचं. तू शिकलेली आहेस. मोठ्या माणसाला एखादा शब्द कमी-जास्त गेला असेल, तर माझं चुकलं म्हणायला काही कमीपणा नाही. एवढं म्हण, हॅमिल्टनला जा, सुखात राहा.’

पाहा, एका दमात. दोष द्यायचा नाही, पण कबुली हवी. आणि कबुलीला जोडूनच गावही. मला हसू येत होतं. आपण जे आयुष्यभर पुस्तकात वाचलं ते समोर चहाच्या कपांसकट मांडलेलं बघून हसू येतं, त्याला इलाज नाही.

मी म्हणाले, ‘काका, जिन्यात मी आईंना जे बोलले, ते वाईट बोलले. आई, त्या वाक्याबद्दल मी तुमची माफी मागते. आत्ता, सगळ्यांसमोर.’

‘झालं!’ विवेक म्हणाला. संग्रामने श्वास सोडला.

‘झालं नाही. ते वाक्य माझं. पण हॅमिल्टन माझं नाही. बाबा, तुम्ही मास्तर आहात. कारण आधी असतं की परिणाम?’

‘अगं, हा काय प्रश्न झाला? कारण आधी.’

‘मी जिन्यात बोलले एप्रिलमध्ये. संग्रामने घर बुक केलं मार्चमध्ये. बाथरूमच्या फरश्यांसकट.’

बाबांनी संग्रामकडे बघितलं. संग्राम म्हणाला, ‘बाबा, ते फक्त बुकिंग होतं, ऑप्शन म्हणून. आईच्या गुडघ्यांचं मला आधीपासून टेन्शन होतं. ही उगाच क्लासरूम करतेय.’

‘करतेय,’ मी म्हणाले. माझा आवाज चढला होता आणि या खेपेला मला त्याचं काही वाटलं नाही. ‘क्लासरूममध्ये निदान साक्षीदाराला विचारतात. आई, त्या दिवशी तुम्ही जिन्यात का रडत होतात? मी तेव्हाच विचारायला हवं होतं.’

सासूबाईंनी पदर सारखा केला. बाबा म्हणाले, ‘अगं गुडघे—’

‘गुडघे माझे कोरेगावलाही दुखतात,’ त्या म्हणाल्या. एवढ्या हळू, की काकांनी पलीकडून ‘काय म्हणते वहिनी?’ असं विचारलं. ‘त्या सकाळी संग्राम म्हणाला, आई, आपण इथून जायचं. हॅमिल्टनला. मोठं घर आहे. मी म्हटलं, मधूला विचारलंस का? तर म्हणाला, तिला मी बघतो. मला वाटलं, आता कुठे इथे दोन माणसं ओळखीची झाली होती. परत नवं गाव. परत एकटीने खिडकीत बसायचं. म्हणून आलं रडू.’

मला वाटलं, आता. आता तरी कुणीतरी उठून म्हणेल, की हे काय चाललंय? ज्या जाण्यापायी ती बाई रडली, तिच्या त्या रडण्याचंच कारण करून तुम्ही निघालात? मी एकेका तोंडाकडे पाहत गेले. बाबा कपाच्या कानाशी खेळत होते. विवेकने नजर चुकवली. संग्रामचे कान लाल झाले होते, आणि मला त्याची कीवही आली. मी त्याच्यावर प्रेम केलंय, याच हॅमिल्टनमध्ये, भाड्याच्या खोलीत, एका रजईत दोघं. तो खलनायक नाही. गव्हर्नरही घरी चांगला माणूस असेल. म्हणून काय रस्ता आपोआप झाला?

काकांनी तडजोड काढली. तलाठी होते, त्यांना बांध कसा टाकायचा ते ठाऊक. ‘हे बघा, आता मागचं उगाळत बसू नका. संग्रामने विचारायला हवं होतं, सूनबाईने सबुरीने घ्यायला हवं होतं, वहिनींनी मनात ठेवायला नको होतं. सगळ्यांचंच थोडं थोडं चुकलं. काय दादा?’

‘बरोबर आहे,’ बाबा म्हणाले. ‘सगळ्यांचंच.’

‘नाही,’ मी म्हणाले. ‘सारखं वाटून मिळणार नाही. मी हे मान्य करत नाही, आणि मी हॅमिल्टनला येत नाही. ज्याला जायचं त्याने जावं.’

‘ताई, प्लीज,’ विवेक म्हणाला. ‘मधुवंती!’ बाबा म्हणाले. संग्राम म्हणाला, ‘बघितलंत? हे असं असतं रोज.’ सगळे एकदम बोलायला लागले, लॅपटॉप कुणाचाच आवाज नीट पोचवेना, काकांची चौकट अडकली आणि तोंड उघडं राहिलं.

त्या गलक्यात सासूबाई म्हणाल्या, ‘माझं चुकलं.’

बाबा त्यांच्याकडे वळले.

‘माझंच चुकलं,’ त्या म्हणाल्या. दोन्ही हात जोडलेले. ‘मी जिन्यात बसायला नको होतं. मी रडायलाच नको होतं. माझ्यामुळे सगळं झालं. मिटवा आता.’

आणि मी पाहिलं. मी शपथेवर सांगते, मी पाहिलं, की त्या खोलीत आणि त्या पडद्यावर सगळ्यांचे खांदे खाली आले. काकांनी डोळे मिटून मान हलवली. बाबांनी हात लांब करून चहाचा कप जवळ घेतला. विवेक चक्क हसला. संग्राम म्हणाला, ‘असू दे गं आई,’ इतक्या प्रेमाने, की तिने जणू त्याच्या पानात वाढलं होतं. कुणाला माझीच कबुली हवी होती असं नव्हतं तर. कुणाचीही चालणार होती. कागदाखाली एक अंगठा हवा होता, आणि जवळात जवळ जी म्हातारी बसली होती तिने तो सवयीने पुढे केला. किती वेळा केला असेल? कोरेगावात, सासरी, दिरांच्या वाटणीत, मुलाच्या रागात. प्रत्येक वेळी मिटलं असेल, आणि प्रत्येक वेळी चहा झाला असेल.

मी उठले आणि त्यांच्या खुर्चीपाशी गेले. त्यांचे जोडलेले हात मी सोडवले. सोपं नव्हतं, बोटं घट्ट धरलेली होती.

‘नाही आई,’ मी म्हणाले. ‘हे परत घ्या. तुम्ही काही केलेलं नाही. कुणीतरी केलंय, पण तुम्ही नाही.’

‘मधुवंती, आता पुरे,’ बाबा म्हणाले. ‘ती म्हणतेय ना?’

‘म्हणूनच पुरे नाही.’

सासूबाई माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मला वाटलं त्या माझ्यावर चिडतील, मी त्यांची एकुलती युक्ती मोडत होते. त्यांनी माझ्या हातातून एक हात काढून घेतला, दुसरा तसाच राहू दिला. मग त्या वळल्या.

‘मी नाही, तर मग कुणी केलं रे?’ त्यांनी विचारलं, संग्रामला.

काकांची चौकट सुटली होती, ते म्हणत होते, ‘बरं, मग आपण आता थांबू या का?’ संग्रामने लॅपटॉप मिटायला हात पुढे केला. मी तो त्याच्याआधी धरला आणि पडदा होता त्याहून उघडा केला.

‘कुणीही जाऊ नका,’ मी म्हणाले. ‘आईंनी काहीतरी विचारलंय.’